मॅगी परत का आली?

अध्यक्षबाई, वाचनालयाची कार्यकर्ती मंडळी, आणि आभाळ भरून आलेलं असतानाही घराबाहेर पडलेले श्रोतेहो,

मघाशी दारापाशी एका आजोबांनी मला थांबवलं. फळ्यावरचा विषय वाचून म्हणाले, "बाई, त्या नूडल्सवर बोलणार का तुम्ही? तसं असेल तर नातवाला घेऊन येतो." आजोबा, तुम्ही बसलात याचा मला आनंद आहे. नातवालाही आणायला हवं होतं. गोष्ट सुरू होते तेव्हा ही मॅगीही नऊच वर्षांची आहे.

तिचं पूर्ण नाव मॅगी टलिव्हर. फ्लॉस नदीच्या काठी, सेंट ऑग्ज गावाजवळ डॉर्लकोट मिल नावाची पाणचक्की आहे, तिथल्या चक्कीवाल्याची ही मुलगी. नदी कल्पित, गावही कल्पित. पण ते गाव डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून लेखिका १८५९ च्या सप्टेंबरात ट्रेंट नदीकाठच्या गेन्सबरोला जाऊन आली होती. समुद्राची भरती नदीतून आत चढते ती बघायला. त्याआधी तिने जुन्या पुरांच्या नोंदीही चाळल्या होत्या. म्हणजे शेवटी पूर आणायचा हे तिचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. शेवटच्या पुराला घाईघाईत जोडलेलं ठिगळ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते.

पुस्तकाचं नाव 'द मिल ऑन द फ्लॉस'. एप्रिल १८६० मध्ये ब्लॅकवुड या प्रकाशकाने ते तीन खंडांत काढलं. लेखकाचं नाव जॉर्ज एलियट. ही मूळची मेरी ॲन इव्हान्स, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. लिहिताना तिच्या मनात पुस्तकाचं नाव 'सिस्टर मॅगी' असं होतं. मॅगीताई म्हणता येणार नाही, कारण ती धाकटी. बहीण मॅगी म्हणू. चक्कीचं नाव सुचवलं प्रकाशकाने. मला ही अदलाबदल आजही सलते. पहिलं नाव राहिलं असतं, तर ही एका बहिणीची गोष्ट आहे हे वाचणाऱ्याने पहिल्या पानापासून धरून ठेवलं असतं.

आता आजचा मुद्दा. बंडखोर नायिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घर सोडून निघालेली बाई येते. दार लावून घेतलं, जिना उतरली, गेली. माझं म्हणणं असं, की मॅगीचं सगळ्यांत मोठं बंड ती परत येते त्यात आहे. हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. त्यासाठी तिच्या लेखिकेच्या भावाची एक गोष्टही सांगायची आहे, ती शेवटी सांगेन. पण आधी केसांबद्दल बोलू द्या. केसांशिवाय मॅगी कळत नाही.

मॅगीचे केस काळे, जाड आणि सरळ. आई बेसी ही डॉडसन घराण्यातली. चार बहिणी, गोऱ्या, टापटिपीच्या, आणि आपल्या घराण्याची रीत म्हणजे जगाची रीत असं मानणाऱ्या. लोणचं कसं मुरवायचं, चादरी कशा घडी घालायच्या, मयताला काय नेसायचं, सगळं ठरलेलं. बेसीबाईंच्या कपाटात उत्तम तागाच्या चादरी लव्हेंडर घालून ठेवलेल्या असतात. कशासाठी? घरात कोणी गेलं तर त्यांच्या अंगाखाली घालायला. नवऱ्याला त्या जेवता जेवता सांगतात, की उद्या तुम्हाला काही झालंच तर चादरी छान इस्त्री होऊन तयार आहेत हो! माझ्या आजोळी काशीच्या गंगाजलाचा गडू देवघरात असाच राखून ठेवलेला असायचा, त्यामुळे बेसीबाई मला कधी परक्या वाटल्या नाहीत. आणि त्यांची बहीण, पुलेटमावशी! तिच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या नवरा फळीवर जपून ठेवतो. बायकोने किती सोसलं ते मागे राहिलेल्यांना दिसायला हवं ना.

अशा घरात ही मुलगी जन्माला आली. आई रोज कागदाच्या गुंडाळ्या करून तिचे केस कुरळे करू बघते आणि ते तासाभरात सरळ होतात. शेजारी तुलनेला ल्यूसी आहेच, दुसऱ्या मावशीची मुलगी. सोनेरी कुरळे केस. बेसीबाई कौतुकाने सांगतात, की ल्यूसीला स्टुलावर बसवलं तर तासभर हलायची नाही. स्टुलावर तासभर न हलणं हा मुलीचा गुण! १८५४ मध्ये कॉव्हेंट्री पॅटमोर नावाच्या कवीने बायकोवर एक दीर्घ काव्य छापायला सुरुवात केली, 'द एंजल इन द हाऊस', म्हणजे घरातली देवदूत. व्हिक्टोरियन बाईचं वर्णन म्हणून ते नाव पुढे म्हणीसारखं वापरलं गेलं. मला वाटतं त्या देवदूताचं बालपण त्या स्टुलावर गेलं असणार. गोष्ट व्हिक्टोरिया राणी होण्याच्या थोडी आधी सुरू होते, पण लिहिली गेली तिच्या राज्याच्या ऐन भरात, आणि साचा तोच आहे.

एकदा आई केस विंचरायला बसते, तर मॅगी तिच्या हातून निसटते आणि भांडंभर पाण्यात डोकं बुडवते. घ्या, आता होऊ देत कुरळे! आई म्हणते, अशी पोर बघून लोकांना वाटेल मीच काहीतरी पाप केलं असेल.

आणि मग तो दिवस. सगळ्या मावश्या जेवायला आल्यात. ग्लेगमावशीने केसांवरून पुन्हा बोल लावलाय. मॅगी उठते, टॉमला खुणावते, दोघं वरच्या खोलीत जातात. टॉम तिचा भाऊ, तिच्याहून तीनचार वर्षांनी मोठा. ती आईच्या कप्प्यातून मोठी कात्री काढते आणि कपाळावरची बट सरळ कापते. टॉम म्हणतो, आता मार बसणार तुला. पण कात्रीचा कर्रकर्र आवाज त्यालाही आवडतो. मागचे केस तो कापून देतो, वेडेवाकडे. मॅगीला एकदम हलकं वाटतं, दाट रानातून मोकळ्या माळावर आल्यासारखं. आपण दिसू कसे हा विचार तिच्या मनात नव्हताच. एवढंच हवं होतं, की केसांवरून बोलणं थांबावं. आणि आपण हुशार आहोत असं कोणीतरी म्हणावं.

टॉम हसायला लागतो. शाळेत आम्ही ज्या वेड्याला शेंगांची टरफलं मारतो तशी दिसतेस, म्हणतो. ज्याच्यासाठी सगळा जीव टाकला तोच पहिला हसतो. हे पुस्तकात पुढे पुन्हा पुन्हा होणार आहे.

ती खाली जाते तेव्हा टेबलावर गोड वाढलेलं असतं. सगळे चमचे थांबतात. ग्लेगमावशी म्हणते, अशा पोरीला चाबकाने फोडून कोरड्या पावावर ठेवावं. आणि मॅगी धावत जाऊन वडिलांच्या कुशीत तोंड खुपसते. वडील काय म्हणतात ते माझ्या शब्दांत सांगते: "उगी, उगी, माझी बाय. त्रास होत होता ना केसांचा? मग कापलेस ते बरंच केलंस. रडू नको. बाप आहे तुझ्या बाजूला."

मूळ इंग्रजीत टलिव्हर तिला 'वेंच' म्हणतो. शब्दकोशात बघाल तर पोरगी, दासी, आणि त्याहून वाईट अर्थही सापडतील. पण त्या अडाणी, तापट, प्रेमळ माणसाच्या तोंडी तो शब्द लाडाचा आहे. मी बरीच वर्षं त्यासाठी मराठी शब्द शोधत होते. छकुली म्हटलं की फारच शहरी होतं, पोरी म्हटलं की दटावल्यासारखं वाटतं. शेवटी कोकणातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तिला परीक्षेला सोडायला आले होते, आणि जाताना म्हणाले, "जातंय गो बाय." तिथे मला तो शब्द मिळाला. ती मुलगी आत पेपर लिहायला गेली आणि मी सुपरव्हिजन करता करता पुस्तकाच्या समासात 'बाय' लिहून ठेवलं.

लेखिका पुढे म्हणते, वडिलांनी आपली बाजू घेतल्याचे हे क्षण मॅगी कधी विसरली नाही. त्यांनी मुलांचं वाटोळं केलं असं जेव्हा सगळे म्हणू लागले, तेव्हाही तिने ते जपून ठेवले. हा भाग मी एकतीस वर्षं वर्गात वाचला. मुलं हसायची, चांगलं हसायची. मुली मात्र तास संपल्यावर येऊन एकच प्रश्न विचारायच्या, "बाई, आई काय म्हणाली?" त्या प्रश्नाचं उत्तर कादंबरीत फार उशिरा येतं. आज वेळ पुरला तर देते.

केसांवर फार बोलले. पण पोटमाळ्यावरची बाहुली सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर एक लाकडी बाहुली आहे. हातपाय गेलेले, नुसतं धड आणि डोकं. मॅगीला कोणाचा फार राग आला की ती वर जाऊन त्या बाहुलीला शिक्षा करते. नऊ वर्षांच्या आयुष्यातल्या तीन मोठ्या संकटांचे तीन खिळे बाहुलीच्या डोक्यात ठोकलेले आहेत. बायबलमध्ये याएल नावाची स्त्री शत्रूच्या सेनापतीच्या कानशिलात खुंटी ठोकते. घरातल्या जुन्या बायबलमधल्या त्या चित्रावरून तिला हे सुचलं. तिसरा खिळा ग्लेगमावशीच्या नावाने. पण मग तिच्या लक्षात येतं, की फार खिळे ठोकले तर डोकं फुटेल आणि नंतर तिला कुरवाळायचं कसं? म्हणून पुढे ती तिचं डोकं विटांच्या धुराड्यावर नुसतं घासते. राग आणि दया एकाच मुठीत असलेलं असं मूल इंग्रजी कादंबरीत मला दुसरीकडे भेटलेलं नाही.

आता हुशारीकडे येऊ. वडिलांना मुलीच्या हुशारीचं कौतुक आहे आणि धास्तीही आहे. ते म्हणतात, लांब शेपटीच्या मेंढीला बाजारात काही जास्त भाव येत नाही, तसंच बाईच्या हुशारीचं. बायको निवडतानाही त्यांनी हेच पाहिलं होतं, की ती फार चलाख नको, आपल्याच चुलीपाशी बसून कोणी आपल्याला शहाणपण शिकवायला नको. आणि गंमत बघा, बापाची बुद्धी मुलीत आली, आईची मुलात. मग पैसे कोणावर खर्च करायचे? मुलावर. टॉमला स्टेलिंग नावाच्या पाद्र्याकडे लॅटिन आणि युक्लिडची भूमिती शिकायला पाठवलं. टॉमला घोडा, कुत्रा, गळ, दगडाचा नेम, यांतलं सगळं कळतं. लॅटिन कळत नाही. त्याचेही हालच आहेत, आणि लेखिका ते फार मायेने लिहिते. मॅगी त्याला भेटायला जाते आणि त्याचं व्याकरणाचं पुस्तक उघडते. उदाहरणादाखल दिलेली तुटक वाक्यं तिला अनोळखी देशातून आलेल्या प्राण्यांच्या शिंगांसारखी वाटतात. कोणाची असतील, कुठून आली असतील? तिला त्यात मजा येते. टॉम मास्तरांना विचारतो, मुलींना हे येऊ शकेल का? स्टेलिंग म्हणतात, मुली सगळं थोडंथोडं उचलतात, पण कशातच खोल जात नाहीत. चटपटीत आणि उथळ. मॅगीला आजवर सगळे 'चटपटीत' म्हणत होते आणि तिला तो मान वाटत होता. आता कळलं की तोही दोषच.

इथे थोडं बाजूला जाते, क्षमा करा, पण हे आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. हे पुस्तक निघाल्यावर नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, हिचिन गावात मुलींसाठी एक कॉलेज सुरू झालं, तेच पुढे केंब्रिजचं गर्टन. जॉर्ज एलियटने त्यासाठी ५० पौंड दिले. आणि त्या केंब्रिजने बायकांना पुरी पदवी कधी दिली? १९४८ मध्ये! आपण स्वतंत्र झाल्यावर एका वर्षाने. इकडे नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. तिने स्वतः लिहून ठेवलंय, की परीक्षेत पहिली आल्यामुळे इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या वाट्याला यायची, ती मुलगी म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले. १८९२ मध्ये तिने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी हातात यायला १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. स्टेलिंगमास्तरांचं ते एक वाक्य किती लांब पोचलं होतं बघा. कादंबरीतून उचलून मी ते वाचून दाखवते तेव्हा मला डेक्कन कॉलेजची ती दगडी इमारत दिसते.

आणि आता माझी तक्रार. ती मी जवळपास पन्नास वर्षं बाळगून आहे, आज माझ्या माणसांपुढे सांगते.

मी बी.ए.ला असताना हे पुस्तक आम्हाला नेमलेलं होतं. पुस्तक गावात मिळायचं नाही, वाचनालयात एक प्रत आणि तिच्यावर चौदा नावं. त्यामुळे सगळे गाईड वाचायचे, पिवळ्या कव्हरचं. त्या गाईडात मॅगीवर दीड पान होतं. त्यात तिचे गुण तीन आणि दोष सात. दोष क्रमांक एक, उतावळेपणा. दोष क्रमांक चार, 'स्त्रीसुलभ लज्जेचा अभाव'. शेवटी निष्कर्ष: भावनेच्या आहारी गेलेल्या स्त्रीला नियती शिक्षा करते. मला वाचनालयाची प्रत अकरा दिवस मिळाली होती. रात्री कंदिलापाशी बसून मी शब्दकोश उघडून वाचत होते, कारण आमच्याकडे नऊनंतर वीज जायची. सहामाहीत प्रश्न आला, 'मॅगीच्या शोकांतिकेला तिचा स्वभाव किती जबाबदार आहे?' मी लिहिलं की प्रश्नच चुकीचा आहे. तिच्या भोवतालच्यांचा स्वभाव किती जबाबदार असं विचारायला हवं. आठ पानं लिहिली. पेपर परत आला, त्यावर लाल शाईत दोनच शब्द होते, 'गाईड वाचावे.' वीसपैकी चार मार्क.

मार्कांचं मला त्या दिवशीच वाटलं, नंतर नाही. पण पुढे मी स्वतः शिकवायला लागले, आणि तोच प्रश्न विद्यापीठाच्या पेपरात दर दोनतीन वर्षांनी माझ्यापुढे येत राहिला. आणि तोच दीड पानांचा मजकूर, त्याच सात दोषांसकट, शेकडो मुलींच्या हस्ताक्षरात. 'लज्जेचा अभाव' असं एकोणीस वर्षांच्या मुली लिहायच्या. ज्यांनी आदल्या रात्री स्वयंपाक आवरून हे पाठ केलं होतं त्या! मॅगी त्यांच्यासारखीच होती आणि त्यांना ती भेटूच दिली गेली नाही. मला अजूनही याचा राग येतो, आणि तो जाऊ नये असं वाटतं.

रस्किनसारख्या मोठ्या समीक्षकाने १८८० च्या सुमारास या कादंबरीवर टीका करताना लिहिलं, की थोडी हुशार, अर्धवट शिकलेली आणि वाईट नातेवाइकांच्या तावडीत सापडलेली कुठलीही मुलगी घ्या, तिच्या आयुष्यात निदान एवढं तरी असतंच. त्यांना म्हणायचं होतं की मग हिच्यावर कशाला लिहायचं? मी म्हणते, अहो, म्हणूनच!

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. अरे देवा. जिप्सींच्या तळावर पळून जाऊन त्यांना कोलंबसाची गोष्ट सांगणारी मॅगी राहिलीच. ती तुम्ही घरी वाचा.

मुद्द्यावर येते. पाण्याच्या हक्कावरून वडील वेकम वकिलाशी कोर्टात हरतात, चक्की जाते, घरातली भांडीकुंडी, त्या चादरीसुद्धा, लिलावात जातात. टॉम कामाला लागून एकेक पौंड साठवून कर्ज फेडतो. मॅगी शिवण करते, तर टॉमला तेही आवडत नाही, बहिणीने दुकानातून काम मागून आणायचं नाही. वेकमचा मुलगा फिलिप, पाठीला कुबड असलेला, फार वाचलेला, तो तिचा मित्र. वैऱ्याचा मुलगा म्हणून टॉम ती मैत्री मोडतो. तेव्हा मॅगी भावाला म्हणते, तू पुरुष आहेस, तुझ्या हातात ताकद आहे, तू जगात काही करू शकतोस. टॉम म्हणतो, "तुला काही करता येत नसेल तर ज्यांना येतं त्यांचं ऐक." सगळा व्हिक्टोरियन काळ या एका वाक्यात बसतो.

पुढे ल्यूसीकडे पाहुणी गेलेली असताना स्टीफन गेस्ट भेटतो. गावातला श्रीमंत मुलगा, ल्यूसीशी त्याचं जवळपास ठरलेलं. मॅगी आणि तो एकमेकांकडे ओढले जातात. एके दिवशी नावेतून जाताना दोघांचं भान राहत नाही, ओहोटी त्यांना फार खाली घेऊन जाते. रात्र एका डच जहाजावर काढावी लागते. सकाळी मडपोर्ट बंदर. स्टीफन म्हणतो, आता परतीचा रस्ता उरलेला नाही, लग्न करू. त्याचं बरोबर आहे. गावाला आता काही सांगून पटणार नाही. मॅगी नाही म्हणते. ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला त्यांना तोडून आपलं सुख घ्यायचं नाही. मागचं जर आपल्याला बांधत नसेल तर कर्तव्य तरी कशात शोधायचं, असं ती त्याला विचारते. आणि एकटी परत येते. लग्न न करता. गेल्याच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी ती चक्कीच्या अंगणात उभी असते. वडील आता नाहीत, आणि चक्की पुन्हा टॉमच्या हाती आली आहे.

आता 'सेंट ऑग्जने निकाल दिला' हे प्रकरण बघा. लेखिका म्हणते, मॅगी काही महिन्यांनी मिसेस स्टीफन गेस्ट होऊन, नवे कपडेलत्ते घेऊन परतली असती, तर गावातल्या बायकांनी सगळं पोटात घातलं असतं. प्रेमच ते, तरुण रक्त, फिलिपशी तरी काय संसार झाला असता, आणि तिचे डोळे किती सुंदर! पण ती मंगळसूत्राशिवाय आली. मंगळसूत्र माझं, पुस्तकात अर्थात नाही. म्हणून ती कुलटा.

तुम्ही म्हणाल, हे कसलं बंड? ही तर शरण आली. मग मोजा. प्रियकर म्हणाला लग्न कर, तिने केलं नाही. भाऊ म्हणाला या घरात तुला जागा नाही, तर ती गावातच राहिली. केन नावाचे भले धर्मगुरू आहेत, त्यांनी तिला स्वतःच्या मुलांना शिकवायचं काम दिलं, पण लोक त्यांच्यावरही बोलू लागले तेव्हा तेसुद्धा म्हणाले, दुसरीकडे जा. अशा बाईने एकतर कुंकवाचा आधार घ्यायचा, नाहीतर नजरेआड व्हायचं, एवढे दोनच रस्ते त्या समाजाने ठेवले होते. मॅगीने दोन्ही नाकारले. मी खरं सांगते आहे, माझ्यावर विश्वास ठेवा, मी इथेच कष्ट करून राहीन, एवढंच तिचं मागणं. पळून जाण्याला त्या जगाकडे नाव होतं, जागा होती, शिक्षा होती. अशा परत येण्याला काहीच नव्हतं. म्हणून ते त्यांना सोसलं नाही.

आणि त्या मुलींचा प्रश्न. टॉम दार अडवून उभा आहे, आणि मागून बेसीबाई येतात. आयुष्यभर केसांना कागद गुंडाळणाऱ्या, फार चलाख नसलेल्या बेसीबाई. त्या म्हणतात, "पोरी, मी येते तुझ्याबरोबर. तुला आई आहे." आणि त्या मुलाचं घर सोडून निघतात. आई हे म्हणाली. बॉब जेकिन, गावभर माल विकत फिरणारा फेरीवाला, दोघींना घरी ठेवून घेतो, मॅगीला सोबत म्हणून आपला कुत्रा देतो. आणि ग्लेगमावशी, तिसऱ्या खिळ्याची धनीण! ती टॉमला फाडून खाते. आपल्या रक्ताच्या मुलीबद्दल वाईट सिद्ध झाल्याशिवाय आपण तिला टाकायची नाही, म्हणते. घराण्याची तीच ताठ रीत, पण इथे ती मॅगीच्या मागे भिंतीसारखी उभी राहते. गाईडात यातलं एक अक्षर नव्हतं.

दोन मिनिटं, अध्यक्षबाई, दोनच.

पूर येतो. मॅगी खोलीत एकटी जागी आहे. स्टीफनचं, ये म्हणून बोलावणारं पत्र तिने नुकतंच जाळलंय, आणि गुडघ्यांना पाणी लागतं. बॉबच्या घरच्यांना उठवून ती एका नावेतून अंधारात चक्कीकडे जाते, ज्या भावाने घराबाहेर काढलं त्याला सोडवायला. पहाटे टॉम खिडकीतून नावेत उतरतो. नदीच्या मधोमध आल्यावर त्याला उमगतं, की ही काय करून इथवर आली. त्याच्या तोंडून लहानपणीचं नाव निघतं, "मॅग्सी!" मग वाहत आलेले लाकडी यंत्रांचे मोठे तुकडे नावेवर आदळतात.

लेखिकेचा भाऊ, आयझॅक, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. १८५४ पासून ती लेखक जॉर्ज लुईस यांच्याबरोबर राहत होती. त्यांना पहिल्या पत्नीपासून कायद्याने घटस्फोट मिळू शकत नव्हता. १८५७ मध्ये तिने भावाला कळवलं. भावाने उत्तर वकिलामार्फत पाठवलं, आणि कायदेशीर लग्न नाही हे कळल्यावर बोलणं तोडलं. तिने ही कादंबरी त्या अबोल्यात लिहिली. लुईस १८७८ मध्ये गेले. मे १८८० मध्ये, साठाव्या वर्षी, तिने जॉन क्रॉस यांच्याशी चर्चमध्ये रीतसर लग्न केलं, आणि त्याच महिन्यात भावाचं पत्र आलं. तेवीस वर्षांनी. मनापासून अभिनंदन, आणि हा दीर्घ अबोला मोडण्याची संधी घेतो. सेंट ऑग्जच्या निकालाचं ते प्रकरण तिने वीस वर्षं आधी लिहून ठेवलं होतं, आणि तिच्या घरी ते तसंच्या तसं घडलं.

त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला ती गेली. हायगेटच्या दफनभूमीत आयझॅक आला होता. पण मेमध्ये त्याच्या पत्राला तिने उत्तर धाडलं होतं. त्यात तिने लिहिलं, की आपण दोघं लहान होतो तेव्हा जडलेली तुझ्यावरची माया या लांबलेल्या अबोल्याने कधीच तुटली नव्हती.